दुःख उसनं मिळेल का?

या, असे पुढे सरकून बसा. भिंतीला टेकून ऐकणाऱ्याला गोष्ट अर्धीच पोचते, आणि उरलेली अर्धी तो पदरची घालून दुसऱ्या दिवशी सगळीकडे सांगत सुटतो. माझ्या बाबतीत हे घडून गेलेलं आहे, म्हणून खरा प्रकार माझ्याच तोंडून ऐका. एक माणूस सुखी असल्यामुळे केवढ्या अडचणीत सापडला, त्याची ही कथा. तो माणूस मीच.

आमच्या वरच्या मजल्यावर एक सूनबाई राहते. सून ती वरच्या बाईंची, पण अख्खी इमारत तिला सूनबाईच म्हणते, आणि तीही कोणी हाक मारली की ओ देते. ती समुपदेशनाचं शिक्षण घेत होती. म्हणजे मनात काही सलत असलं की माणसं ज्यांच्यापुढे जाऊन बसतात, त्यांचं काम. तिच्या सासूबाईंनी नातेवाइकांत ती डॉक्टर होते आहे असं जाहीर करून टाकलं होतं. तेव्हापासून लग्नकार्यात पाहुणे सूनबाईला जीभ बाहेर काढून दाखवत.

एका सकाळी ती आमच्याकडे आली आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसली. खुर्चीच्या कडेवर बसलेला माणूस काहीतरी मागायला आलेला असतो, हे मी पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात जन्मभर कारकुनी केल्यामुळे ओळखतो. तिची शेवटची परीक्षा आली होती. नव्या माणसाची पहिली भेट कशी घ्यायची, हे तिच्या गुरू, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, त्यांच्यासमोर करून दाखवायचं होतं. मागच्या खेपेला ती नापास झाली होती. समोरच्या बाई बोलता बोलता पाणी प्यायला थांबल्या, आणि तेवढ्या अवकाशात सूनबाईने त्यांना नवऱ्याशी कसं वागावं, सकाळी चालायला कधी जावं हे सांगून वर एका चांगल्या दंतवैद्याचा पत्ता दिला. मोठ्या बाई एवढंच म्हणाल्या होत्या, की त्या बाई सल्ला मागायला आल्या नव्हत्या, अजून त्या नीट आल्याच नव्हत्या.

तिने मला समजावून सांगितलं, की पहिल्या भेटीत समुपदेशकाने करायचं फार थोडं असतं. येणाऱ्याला हवी ती खुर्ची घेऊ द्यायची. इथलं इथेच राहील, असा शब्द द्यायचा. आत्ताच का यावंसं वाटलं, हे विचारायचं. आणि मग ऐकायचं. समोरचा गप्प झाला तर आपणही गप्प बसायचं, त्याच्या मनात जे वर येत असतं त्याला वाट द्यायची. हे शेवटचं तिला जमत नव्हतं. त्यात तिचा दोष नाही. आमच्या इमारतीत शांतता ही गळक्या नळासारखी मानतात. कुठे दिसली की कोणीतरी धावत जाऊन बंद करतो.

या खेपेला मात्र हुकून चालणार नव्हतं. एका दवाखान्यात तिच्यासाठी कोपऱ्यातली खोली राखून ठेवली होती, तिथे बसून ती लोकांना भेटणार होती. पास झाली तर खोली तिची, नाहीतर दुसऱ्या मुलीची. आणि नवा माणूस म्हणून ज्या बाई येणार होत्या त्यांना नेमकं खरोखरचं काहीतरी दुःख झालं, त्यामुळे त्या येऊ शकत नव्हत्या.

“काका,” ती म्हणाली, “तुम्ही याल? तुम्ही फक्त बोलत राहा. मध्ये थांबू नका. तुम्ही थांबलात की मी बोलणार, आणि मी बोलले की संपलं.”

ही मला स्तुती वाटली. ती गेल्यावर आमच्या हिने खुलासा केला, की ती स्तुती नव्हती.

पण बोलायचं काय? एखादं दुःख, सूनबाई म्हणाली होती, खरं नसलं तरी चालेल. मी दिवसभर घरात दुःख शोधलं. गुडघा आहे, पण तो हाडांच्या डॉक्टरांच्या ताब्यात. मुलगी तिच्या घरी आनंदात, जावई बोलतो कमी पण खातो मनापासून. देवाने दिलेलं सगळं जागच्या जागी. शेवटी हिलाच विचारलं, की मला काही दुःख आहे का. ती भाजी चिरता चिरता थांबली आणि सुरी हातात तशीच ठेवून म्हणाली, “का? कोणी काही म्हणालं का?” मी विषय तिथेच सोडला. सुखी संसारात काही प्रश्न विचारायचे नसतात.

मधल्या काळात ती शिकत होती त्या संस्थेत जाऊन माझं नाव नोंदवायचं होतं. तिथे खिडकीमागे एक कारकून होते. नियम असा, की येणारा माणूस परीक्षार्थीचा नातेवाईक नसावा. मी शेजारी आहे असं सांगून झालं, त्यांनी टाक उचललाही, आणि नेमक्या त्याच क्षणी सूनबाई मागून म्हणाली, “काका, चष्मा विसरलात.”

कारकुनांनी टाक खाली ठेवला. म्हणाले, हे तर काका निघाले.

मी त्यांना शांतपणे समजावलं, की मी सगळ्या इमारतीचा काका आहे, भाजीवाल्याचाही आहे, आणि दारात मला थांबवताना स्वतः त्यांनीसुद्धा मला काकाच म्हटलं होतं. ते म्हणाले, ते खरं, पण माझी परीक्षा नाही. त्यांच्या जागी असतो तर मीही नेमकं हेच म्हटलं असतं, म्हणून मला राग जरा जास्तच आला. अखेर त्यांनी तोडगा काढला. नातं नसल्याचा दाखला आणा.

जन्माचा दाखला मिळतो, मृत्यूचा मिळतो, रहिवासाचा मिळतो. अमुक माणूस अमक्याचा कोणी लागत नाही, असा दाखला देणारी खिडकी मानवजातीने अजून उघडलेली नाही. इमारतीच्या सचिवाची सही चालेल म्हणाले. आमचे सचिव म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर. शाळा सुटली, पण त्यांची लेखणी सुटली नाही. त्यांनी मजकूर केला तो असा: “प्रमाणित करण्यात येते की सदर गृहस्थ हे सदर बाईंचे कोणीही नव्हेत, पूर्वी कधी नव्हते, व पुढे होण्याचा त्यांचा मानस दिसत नाही.” आणि शिस्तप्रिय माणूस असल्यामुळे त्याची एक प्रत खालच्या फलकावर लावली.

ती वरच्या बाईंनी वाचली.

त्या खाली आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत. म्हणाल्या, “मी पाय मोडून पडले होते तेव्हा मला खांद्यावर घेऊन जिना उतरणारे कोण होते हो? कोणीही नव्हेत?” मी खुलासा करायला तोंड उघडलं, तर त्यांनी आमचं आठवडाभर त्यांच्याकडे असलेलं पातेलं माझ्या हातात दिलं. घासून, लखलखीत, रिकामं. शेजारधर्मात यापेक्षा कडक निरोप नाही.

इकडे दाखल्याची फी म्हणून हेडमास्तरांनी वेगळीच अट घातली होती. मला दुःख हवंय हे त्यांच्या कानावर आलं होतं, आणि त्यांच्याकडे एक होतं. ज्या मुलाला त्यांनी सलग दोन वर्षं वर्गाबाहेर उभं केलं, ज्याच्यामुळे त्यांचे केस अकाली पिकले, तो परवा भर बाजारात भेटला. त्यांना वाटलं, आता हा पाया पडेल किंवा निदान पळेल. त्याने नीट निरखून पाहिलं आणि विचारलं, तुम्ही पोस्टात होता का? एवढं सांगून हेडमास्तरांनी दाखल्यावर सही केली. मग म्हणाले, की मी हे नक्की सांगावं, आणि ‘पोस्टात’ या शब्दाआधी किंचित थांबावं.

दुसरं दुःख मिळालं ते तळमजल्यावरच्या शिंपीणकाकूंकडे. परीक्षेला जायचं म्हणून विजारीची कंबर सैल करून घ्यायला गेलो होतो. तोंडात टाचण्या धरूनही त्या स्पष्ट बोलतात, ही त्यांच्या हाताइतकीच मोठी कला आहे. हेडमास्तरांचं दुःख मी नेतोय हे कळल्यावर त्यांनी टाचण्या काढून ठेवल्या. पोस्टाचं काय घेऊन बसलात, म्हणाल्या. त्यांच्या सख्ख्या बहिणीने मुलाच्या लग्नातले कपडे दुसऱ्या शिंप्याकडून शिवून घेतले होते. वर लग्नात काकूंनाच विचारलं, बाही बरोबर बसली आहे ना? बाही बसली नव्हती. काकूंनी ती मांडवात, सगळ्यांसमोर, अंगावरच्या अंगावर दुरुस्त करून दिली. “आणि वर मलाच म्हणते, बरं झालं तू होतीस,” शिंपीणकाकू म्हणाल्या, आणि माझ्या कमरेत एक टाचणी जरा खोल गेली.

मग रोज तालीम. सकाळी जिन्यात हेडमास्तर माझं पोस्ट ऐकत, संध्याकाळी काकू माझी बाही. हेडमास्तरांचं मत, की काकूंचं दुःख घरगुती आहे, त्यात विचार नाही. काकूंचं मत, की हेडमास्तरांचं दुःख म्हणजे नुसता फुगा, सुई लावली की संपला. दोघांनी आधी कोणाचं सांगायचं यावरून बोलणं टाकलं, आणि माझ्यामार्फत एकमेकांना निरोप पाठवू लागले.

त्यातून बातमी फुटलीच. जिन्यात, दारात दुःख घोकत फिरणारा माणूस, त्याला काय झालं असेल? लोक माझ्याशी हळू आवाजात बोलू लागले. माझ्या हातातली पिशवी काढून घेऊ लागले. कधी नव्हे ते पाण्याच्या टाकीबद्दलचं माझं म्हणणं सभेत कोणी खोडून काढलं नाही, आणि त्यातला अपमान माझा मलाच सोसावा लागला. ही तर माझ्या पाठीवर अधूनमधून थोपटू लागली. लग्नानंतर असं तिने मुलीच्या पाठवणीच्या दिवशीच केलं होतं.

परीक्षेच्या सकाळी कपड्यांचा प्रश्न निघाला. इस्त्रीच्या शर्टात दुःखी कोण मानेल? तेव्हा हिने तो शर्ट घेतला, आणि जन्मभर ज्याच्या सुरकुत्या काढल्या त्याला हाताने बसून एकेक सुरकुती घातली. शिंपीणकाकू आणि हेडमास्तर सोबत म्हणून निघाले. सोबत कोणाला, असं विचारण्याचा मला धीर झाला नाही. वाटेत दोघंही माझ्या दोन बाजूंना चालत होते आणि एकमेकांशी बोलत नव्हते.

संस्थेची ती खोली लहान होती. दोन खुर्च्या, एकमेकींकडे थेट तोंड न करता जरा तिरक्या ठेवलेल्या. मध्ये बुटकं टेबल, त्यावर कागदी रुमालांचा डबा. भिंतीवर घड्याळ. कोपऱ्यात खिडकीला पाठ करून मोठ्या बाई बसल्या होत्या. बारीक बांधा, पांढरे केस, आणि चेहऱ्यावर काहीच नाही. दाराबाहेरच्या बाकावर माझे दोन्ही सावकार.

सूनबाई म्हणाली, “कुठेही बसा.” मी भिंतीकडची खुर्ची घेतली. मग तिने सांगितलं, की इथे जे बोलणं होईल ते याच खोलीत राहील. बाहेर हेडमास्तर खाकरले. मोठ्या बाईंनी दाराकडे पाहिलं. मग सूनबाईने विचारायचं ते विचारलं, “आत्ता यावंसं का वाटलं?”

आणि मी सुटलो. बहीण, लग्न, कपडे, बाही. रंगात येऊन हातवारे केले, टाचण्या दाखवल्या. ती ऐकत होती. मी श्वास घ्यायला थांबणार तोच तिचे ओठ हलले, म्हणून मी श्वास न घेता तसाच बाजारात शिरलो. पण माणूस दमला की त्याच्याकडच्या ठेवी एकमेकींत मिसळतात. मी म्हणालो, की ज्या मुलाला मी सलग दोन वर्षं वर्गाबाहेर उभं केलं, त्याने भर मांडवात माझी बाही उसवली आणि विचारलं, तुम्ही पोस्टात होता का?

“बाहीचं वेगळं, पोस्टाचं वेगळं,” बाहेरून शिंपीणकाकूंचा आवाज आला.

“आणि थांबला नाहीत,” हेडमास्तरांचा.

मोठ्या बाई उठल्या, बाहेर गेल्या, काय बोलल्या कोण जाणे. दोन जोड चपलांचा आवाज व्हरांड्याच्या लांबच्या टोकापर्यंत जाताना ऐकू आला. त्या परत येऊन तशाच बसल्या. चेहऱ्यावर अजूनही काही नाही.

सूनबाई हसली नाही. एवढं होऊनही हसली नाही, ही मला वाटतं त्या दिवसातली सगळ्यात अवघड गोष्ट असेल. माझा साठा मात्र संपला होता. दोन्ही दुःखं खर्ची पडली होती आणि वेळ पुष्कळ उरला होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी भिंतीकडे पाहिलं आणि म्हणालो, “हे घड्याळ मागे पडलंय.”

“हं,” सूनबाई म्हणाली.

“घड्याळजी असते तर आत्ता खुर्चीवर चढले असते.”

एवढं बोललो आणि पुढचं वाक्य येईना. मी जो कधी थांबत नाही म्हणून निवडला गेलो, तो थांबलो. मला दिसत होतं, की ही पोर आता बुडणार. बोल बाबा, काहीही बोल, हवापाण्याचं बोल, असं मी स्वतःला बजावत होतो, आणि नजर त्या घड्याळावरून हलेना. सूनबाईचे ओठ उघडले. दंतवैद्याचा पत्ता आता येतोच, असं मला वाटलं. मग तिने ते मिटले. पायाचा अंगठा जमिनीला टेकवून दाबून धरला, इतका की पाऊल पांढरं पडलं, आणि ती माझ्याकडे पाहत बसून राहिली. घड्याळ वाजत होतं. आमच्या इमारतीच्या इतिहासात एवढी शांतता कोणी पाहिलेली नसेल.

शेवटी ती मी मोडली.

मी सांगितलं, की घड्याळजी म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे आमचे एक स्नेही. आम्ही दोघं संध्याकाळी निरूपणाला जायचो. गाऊन सांगणारे बुवा, आवाज असा की मनातली जळमटं निघावीत. पण ऐन मर्माच्या जागी ते आवाज अगदी खाली आणत, आणि घड्याळजींना ऐकू कमी येई. जन्मभर कानाशी टिकटिक धरली, म्हणायचे, आता कान म्हणतो पुरे. मग त्यांचं कोपर माझ्या बरगडीत. काय म्हणाले? मी वाकून सांगायचो. सांगेपर्यंत पुढचं वाक्य निघून जायचं, की परत कोपर. काय म्हणाले? पुढचे लोक वळून डोळे वटारायचे. इतक्या वर्षांत मी एकही निरूपण सलग ऐकलं नाही, याबद्दल मी हिच्याजवळ कितीदा कुरकुरलो असेन.

“आता सलग ऐकू येतं,” मी म्हणालो. “ते गेल्यापासून शब्दन् शब्द ऐकू येतो. आणि घरी पोचेपर्यंत त्यातलं काही उरत नाही. परवा बुवांनी आवाज खाली आणला, तशी मी सवयीने उजवीकडे वाकून सांगितलं. तिथे कोणी अनोळखी बाई होत्या. त्या म्हणाल्या, मला ऐकू आलं.”

सूनबाईने रुमालांचा डबा माझ्याकडे सरकवला नाही. तो तिथेच होता, माझा हात पोचेल असा. थोड्या वेळाने माझा हात पोचला. मग ती हळूच म्हणाली, “तुम्ही दोघांचं मिळून ऐकत होता.”

एवढंच. सल्ला नाही, पत्ता नाही.

वेळ संपल्यावर मोठ्या बाईंनी खुर्ची पुढे ओढली. त्यांनी सूनबाईला विचारलं, की बाही आणि पोस्ट ही या गृहस्थांची नव्हेत, हे तुला कधी कळलं? ती म्हणाली, पहिल्याच वाक्याला. मग थांबवलं का नाहीस?

“एवढी मेहनत घेऊन आणलं होतं त्यांनी,” सूनबाई म्हणाली. “आधी ते खाली ठेवू द्यायला हवं होतं.”

तेव्हा त्या दिवसात पहिल्यांदा मोठ्या बाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं. त्या म्हणाल्या, “जा, आता खोलीच्या किल्ल्या घेऊन ये.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, की तुम्हाला हे बोलायला कोणी हवं असेल तर मी दुसऱ्या चांगल्या माणसाचं नाव देते. हिच्याकडे यायचं नाही. तुम्ही तिचे काका आहात.

बाहेर शिंपीणकाकूंनी मला गाठलं. माझ्या दुःखाला मोठ्या बाई काय म्हणाल्या, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, इथलं इथेच ठेवायचं असतं. हेडमास्तरांनी गुण विचारले. मी तेच उत्तर दिलं. ते दोघं एकमेकांकडे पाहून माझ्याबद्दल बोलू लागले, आणि त्यांचा अबोला तिथेच संपला. संध्याकाळी वरच्या बाई स्वतः खाली आल्या आणि आमचं ते पातेलं पुन्हा उसनं घेऊन गेल्या. सूनबाईला आता दवाखान्यात दिवसभर लोकांचं ऐकावं लागतं. त्यामुळे घरी आल्यावर ती अखंड बोलते, आणि दंतवैद्याचा पत्ता आमच्या इमारतीत सगळ्यांना पाठ झाला आहे.

कथा संपली. आता उठण्याआधी एकच मागणं आहे. कुठे ऐकायला बसलात, बोलणाऱ्याने आवाज खाली आणला, आणि शेजारच्या म्हाताऱ्याचं कोपर तुमच्या बरगडीत लागलं, तर कपाळाला आठी घालू नका. वाकून सांगा. पुढचं वाक्य हुकेल, ते हुकू द्या. आणि सांगताना आमच्या घड्याळजींना एकदा आठवा.